गाडी धावते किती, हप्ता भरता किती?

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन पांढऱ्या गाड्या शेजारी-शेजारी उभ्या असतात. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षी घेतलेल्या. पहिली गाडी निवृत्त शिक्षक दांपत्याची. मंडई, दवाखाना, महिन्यातून एकदा मुलीकडे पिंपरीला. बाकीची कामं पायी, नाहीतर रिक्षानं. वर्षाचं रनिंग जेमतेम तीन हजार किलोमीटर. दुसरी गाडी चाकणच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या तरुणाची. त्याचं जाऊन-येऊन रोजचं अंतर ऐंशी किलोमीटर, म्हणजे वर्षाला वीस हजारांच्या घरात. दोघांच्या विम्याचं नूतनीकरण एकाच आठवड्यात आलं. काकांनी तरुणाला सहज विचारलं, "तुझा हप्ता किती आला रे?" आकडे जुळवून पाहिले तर फरक शंभर-दीडशे रुपयांचा. काका पॉलिसीचा कागद घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "आमची गाडी वर्षातले तीनशे दिवस कव्हरखाली असते. मग आम्ही याच्याएवढेच पैसे का भरायचे?"

काकांचा प्रश्न रास्त आहे आणि तो हजारो घरांचा आहे. मुंबईत लोकलनं कामावर जाणारे, घरून काम करणारे, दोन गाड्या असलेले, मुलं परदेशी गेल्यामुळे गाडी जपून ठेवणारे आई-वडील, या सगळ्यांचा तो आहे. किलोमीटरनुसार हप्ता ठरावा का, याचं माझं उत्तर 'हो' आहे. मात्र आज बाजारात त्या नावानं जे मिळतं, ते घेण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करायलाच हवा. या लेखात आधी तत्त्व पाहू, मग हिशेब.

हप्ता आज कसा ठरतो?

गाडीच्या पॉलिसीत मुख्यतः दोन भाग असतात. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली, मृत्यू झाला किंवा मालमत्तेचं नुकसान झालं, तर भरपाई देणारा भाग म्हणजे थर्ड पार्टी. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार तो सक्तीचा आहे. तो नसताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी दोन हजार, पुन्हा सापडल्यास चार हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. अपघात, चोरी, आग, पूर हे सगळं त्यात येतं. हा भाग ऐच्छिक आहे.

थर्ड पार्टीचा दर विमा कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवतं. खाजगी मोटारीसाठी त्याला एकच माप लावलं जातं, ते म्हणजे इंजिनाची क्षमता. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असे वार्षिक दर आहेत. गाडी वर्षाला शंभर किलोमीटर धावो वा पन्नास हजार, ही रक्कम तीच राहते.

ओन डॅमेजचे दर जानेवारी २००७ पासून खुले झाले, त्यामुळे ते कंपनीगणिक वेगळे असतात. तरी मापं बहुतांशी जुनीच आहेत. गाडीची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीनं मान्य केलेली आजची किंमत, गाडीचं वय, इंजिनाची क्षमता, आणि नोंदणीचा विभाग. मुंबई आणि पुणे ही दोन्ही शहरं 'अ' विभागात येतात, महाराष्ट्रातली बाकीची गावं 'ब' विभागात. वर्षभरात दावा केला नाही तर मिळणारा नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबी, याच भागावर लागू होतो. तो पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत चढतो.

या सगळ्या मापांत किलोमीटर कुठेच नाही. काकांचा आणि तरुणाचा हप्ता म्हणूनच सारखा आला.

विचार नवा नाही

अंतरावर हप्ता ठरवावा, ही कल्पना मोबाइल अ‍ॅप येण्याच्या कितीतरी आधीची आहे. पुढे १९९६ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या विल्यम विक्री यांनी १९६८ मध्येच एका लेखात हा मुद्दा मांडला होता. वर्षाचा हप्ता एकदाच भरला की पुढचा प्रत्येक किलोमीटर विम्याच्या दृष्टीनं फुकट होतो, आणि जी गोष्ट फुकट वाटते ती माणूस सढळ हातानं वापरतो. विम्याचा खर्च टायरच्या किमतीतच घालावा, असाही पर्याय त्यांनी सुचवला होता. टायर जितके झिजतील तितका विमा भरला जाईल.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १९८८ साली मतदारांनी एक कायदा मंजूर केला. त्यानुसार तिथे हप्ता ठरवताना तीन गोष्टींना सर्वाधिक वजन द्यावं लागतं, तेही याच क्रमानं: चालकाची सुरक्षिततेची नोंद, वर्षभरात धावलेलं अंतर आणि गाडी चालवण्याचा अनुभव. २००८ मध्ये ब्रुकिंग्ज संस्थेनं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासानं असा अंदाज वर्तवला की अमेरिकेत सगळ्यांचा हप्ता मैलांवर ठरला, तर गाड्यांची धाव सुमारे ८ टक्क्यांनी कमी होईल आणि जवळपास दोन-तृतीयांश कुटुंबांचा हप्ता उतरेल. कारण सरळ आहे. खूप गाडी चालवणारे थोडे असतात; त्यांच्या खर्चाचा वाटा कमी चालवणारे पुष्कळजण मिळून उचलत असतात.

याला दुसरी बाजूही आहे. ब्रिटनमध्ये एका मोठ्या विमा कंपनीनं २००६ साली गाडीत यंत्र बसवून अंतरावर हप्ता घ्यायला सुरुवात केली, पण पुरेसे ग्राहक न मिळाल्यानं २००८ मध्येच ती योजना गुंडाळली. तत्त्व बरोबर असून भागत नाही. ग्राहकाला ते परवडायला आणि पटायलाही हवं.

मग न्याय्य काय?

अंतर वाढलं की अपघाताची शक्यता वाढते, हे सांगायला पंडित नको. जितका वेळ गाडी रस्त्यावर, तितक्या वेळा चौक, वळणं, दुभाजकावरून अचानक येणारे लोक, उलट दिशेनं येणाऱ्या दुचाकी. २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसं गेली. कव्हरखाली उभ्या असलेल्या गाडीचा या आकड्यात वाटा नसतो.

तरीही धोका अंतराच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, हेही मान्य करायला हवं. कमी रनिंग असलेली गाडी बहुधा शहरातच फिरते, जिथे दर दोनशे मीटरवर सिग्नल आहे आणि बंपर घासण्याचे प्रसंग जास्त. महिन्यातून दोनदाच स्टिअरिंग धरणाऱ्याचा सरावही मोडतो. त्यामुळे वीस हजार किलोमीटरवाल्याचा धोका तीन हजारवाल्याच्या बरोबर सातपट नसतो. तो जास्त असतो, पण सातपट नाही.

शिवाय काही धोके गाडी उभी असतानाच येतात. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्याखाली गेलेल्या गाड्यांत उभ्या गाड्या कमी नव्हत्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्यानं सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या गाड्या वाहून नेल्या. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात दारात लावलेल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. चोरीही उभ्या गाडीचीच होते. म्हणून "गाडी चालत नाही, मग विमा कशाला?" हा विचार धोक्याचा आहे.

यावरून न्याय्य रचना कशी असावी, ते दिसतं. हप्त्याचा एक ठराविक भाग सगळ्यांना सारखा असावा, कारण चोरी, आग आणि पूर किलोमीटर विचारत नाहीत. त्यावर दुसरा भाग धावलेल्या अंतराप्रमाणे असावा.

आपल्याकडे मात्र उलटं चित्र आहे. अंतराशी सर्वांत घट्ट नातं थर्ड पार्टीच्या धोक्याचं आहे, कारण उभी गाडी कुणाला धडकत नाही. आणि नेमक्या त्याच भागाचा दर इंजिनाच्या आकारावर ठरतो. किलोमीटरची सवलत मिळते ती ओन डॅमेजमध्ये, जिथे उभ्या गाडीचेही धोके मिसळलेले आहेत. माझा मुख्य आक्षेप इथे आहे. सरकारनं थर्ड पार्टीच्या दरातही रनिंगचे दोन-तीन टप्पे आणायला हवेत. विजेच्या गाड्यांसाठी सीसीऐवजी किलोवॉटचं माप स्वीकारून १५ टक्के सवलत दिलीच आहे. म्हणजे माप बदलता येतं. त्यासाठी गाडीत पाळत ठेवणारं यंत्रही नको. पीयूसी काढायला गाडी जातेच, तिथे काट्याचं रिडिंग नोंदवणं सक्तीचं केलं तरी काम भागेल. एकच अट असावी: टप्पा ओलांडला तर फरकाची रक्कम नंतर वसूल करावी, पण संरक्षण एक दिवसही थांबू नये. रस्त्यावर जखमी झालेल्या माणसाला समोरच्याचे किलोमीटर संपले होते म्हणून वाऱ्यावर सोडता येणार नाही.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो: "ज्यांना पर्यायच नाही त्यांचं काय?" जिथे एसटी दिवसातून दोनदा येते, तिथल्या माणसाला दवाखान्यासाठीही चाळीस किलोमीटर गाडी काढावी लागते. हा आक्षेप खरा आहे. पण त्याचं उत्तर विभागवार दरांत आहे. रिकाम्या ग्रामीण रस्त्यावरचा किलोमीटर आणि हिंजवडीच्या कोंडीतला किलोमीटर यांचा दर एकच असण्याची गरज नाही. आजचा सरसकट हप्तादेखील कुणावर तरी अन्याय करतोच. फक्त तो काकांसारख्यांवर होत असल्यानं दिसत नाही.

आज काय मिळतं?

विमा नियामक आयआरडीएआयनं आधी प्रायोगिक तत्त्वावर आणि मग जुलै २०२२ मध्ये सर्व कंपन्यांना ओन डॅमेज भागासाठी तीन नव्या सोयी देण्याची परवानगी दिली. 'पे अ‍ॅज यू ड्राइव्ह', म्हणजे जितकी गाडी चालवाल तितका हप्ता. 'पे हाउ यू ड्राइव्ह', म्हणजे जशी चालवाल तसा हप्ता. आणि एकाच मालकाच्या अनेक गाड्यांना मिळून एक फ्लोटर पॉलिसी. यातली पहिली सोय बाजारात साधारण तीन रूपांत दिसते.

पहिल्या रूपात वर्षाच्या सुरुवातीलाच टप्पा निवडायचा: अडीच हजार, पाच हजार, साडेसात हजार किलोमीटर असा. टप्पा जितका लहान, तितकी सवलत मोठी. दुसऱ्या रूपात पूर्ण हप्ता भरायचा आणि रनिंग कमी निघालं तर पुढच्या नूतनीकरणात सवलत घ्यायची. तिसऱ्या रूपात अ‍ॅपवरून अपघाताचं संरक्षण चालू-बंद करता येतं. गाडी उभी असताना चोरी-आगीचं संरक्षण चालू राहतं.

थर्ड पार्टी भाग या तिन्हींत अखंड चालू असतो आणि त्यावर सवलतही नसते. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा हिशेब यावर आहे.

आधी आपलं रनिंग मोजा

'आमची गाडी फारशी चालत नाही' हे बहुतेकांचं म्हणणं अंदाजावर असतं. अंदाज नको, आकडा हवा, आणि तो तुमच्या घरातच आहे. गाडी सर्व्हिसिंगला जाते तेव्हा जॉब कार्डवर आणि बिलावर तारखेसह किलोमीटर लिहिलेले असतात. दोन बिलं समोर घ्या, किलोमीटरची वजाबाकी करा, मधल्या महिन्यांनी भागा आणि बारानं गुणा. शक्य असेल तर मागच्या तीन वर्षांचं वेगवेगळं रनिंग काढा आणि त्यातलं सर्वांत मोठं धरा, सरासरी नको.

मग त्यात पुढच्या वर्षातले ठरलेले प्रवास मिळवा. घरात लग्न आहे का? गणपतीला कोकणात जायचं आहे का? मुंबईहून सावंतवाडीला जाऊन-येऊन हजाराच्या आसपास किलोमीटर होतात. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. एकदा जाऊन आलात की १,४०० संपले. पाच हजारांच्या टप्प्यात असा एक प्रवास चौथ्या भागाहून जास्त जागा खातो. शेवटी अचानक उद्भवणाऱ्या कामासाठी, आजारपणासाठी आणखी हजारभर किलोमीटर राखून ठेवा. एवढं करून जो आकडा येईल, त्याच्या वरचा टप्पा तुमचा. खालचा टप्पा स्वस्त दिसला तरी त्याच्या मोहात पडू नका.

हिशेब: सवलत दिसते किती, मिळते किती?

समजा, १२०० सीसीची गाडी आहे. ५० टक्के एनसीबी वजा जाता ओन डॅमेजचा हप्ता ५,००० रुपये आहे. थर्ड पार्टी ३,४१६ रुपये. सोपं जावं म्हणून वैयक्तिक अपघात विमा आणि जादा हप्ता भरून घेतलेले इतर अ‍ॅड-ऑन बाजूला ठेवू. बेरीज ८,४१६ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ९,९३१ रुपये.

वर्षाला तीन हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीला हा विमा किलोमीटरमागे ३ रुपये ३१ पैशांना पडतो. वीस हजार धावणाऱ्या गाडीला सुमारे ५० पैशांना. काकांच्या प्रश्नाचं मोल या दोन आकड्यांत आहे.

आता कंपनीनं '२० टक्के सवलत' देऊ केली. ती ओन डॅमेजवरच लागते, म्हणून पाच हजारांचे चार हजार झाले. थर्ड पार्टी तीच. बेरीज ७,४१६ रुपये, जीएसटीसह ८,७५१ रुपये. बचत १,१८० रुपये, म्हणजे एकूण बिलाच्या १२ टक्क्यांहूनही थोडी कमी.

गाडी जुनी झाली की हे प्रमाण आणखी उतरतं. आयडीव्ही घटल्यामुळे ओन डॅमेजचा हप्ता २,५०० रुपयांवर आला असेल, तर २० टक्के म्हणजे ५०० रुपये. जीएसटी धरून ५९०. एकूण बिल ६,९८१ रुपयांचं, म्हणजे साडेआठ टक्केसुद्धा सुटत नाहीत.

या बचतीच्या समोर दुसऱ्या पारड्यात काय आहे, ते पाहा. निवडलेले किलोमीटर फेब्रुवारीत संपले, लक्षात आलं नाही आणि मार्चमध्ये पुढचा भाग ठोकला गेला. बंपर, हेडलाइट, बॉनेट, डेंट-पेंट मिळून चाळीस हजारांचं बिल आलं आणि दावा नाकारला गेला, तर अकराशे ऐंशी रुपयांची बचत भरून निघायला चौतीस वर्षं लागतील. यामुळेच मी टप्पा वरचा निवडा म्हणतो.

कोणाला फायदा, कोणाला नाही?

गाडी नवी किंवा महागडी असेल, आयडीव्ही मोठी असेल आणि वर्षाचं रनिंग खात्रीनं पाच-सहा हजारांच्या आत असेल, तर हा पर्याय जरूर घ्या. तुमच्या हप्त्यात ओन डॅमेजचा वाटा मोठा आहे, त्यामुळे सवलत खरी वाटण्याइतकी मिळेल. घरातली दुसरी गाडी, लोकल-मेट्रोनं ये-जा करणाऱ्यांची रविवारची गाडी, परदेशी असलेल्या मुलांची इथे ठेवलेली गाडी, या सगळ्या याच गटात येतात.

रनिंग दहा हजारांच्या पुढे असेल किंवा दरवर्षी मोठा चढ-उतार होत असेल, तर नेहमीची पॉलिसीच बरी. पुणे-मुंबई नियमित ये-जा करणाऱ्यानं याच्या वाटेला जाऊ नये.

गाडी सात-आठ वर्षं जुनी आणि रनिंग कमी असेल, तर आधी दुसरे मार्ग तपासा. प्रत्येक दाव्यात ठराविक रक्कम आपण सोसायचीच असते. १५०० सीसीपर्यंत ती १,००० रुपये आणि त्यापुढे २,००० रुपये आहे. स्वेच्छेनं याहून जास्त रक्कम सोसायची तयारी दाखवली तरी हप्त्यात सूट मिळते. कमी गाडी चालवणाऱ्याला ही सूट कधी किलोमीटरच्या सवलतीइतकीच पडते आणि काट्याकडे डोळे लावून बसावं लागत नाही. किरकोळ ओरखड्यासाठी दावा न करता एनसीबी जपणं हाही मोठा मार्ग आहे. वर म्हटलेल्या उदाहरणात एनसीबीनं पाच हजार रुपये वाचवले, किलोमीटरनं एक हजार. मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर ही कमाई हातची जाते, हे मात्र विसरू नका.

रनिंग कितीही कमी असलं तरी पूर येणाऱ्या भागात किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्यांनी ओन डॅमेज सोडू नये. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायला गेल्यानं इंजिन निकामी झालं, तर साध्या पॉलिसीत ती भरपाई मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं अ‍ॅड-ऑन लागतं. किलोमीटरमध्ये वाचलेले पैसे तिकडे वळवले तर ते सत्कारणी लागतील.

पैसे भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

एजंटला किंवा कंपनीला हे प्रश्न विचारा आणि उत्तरं ईमेलवर घ्या. तोंडी आश्वासन दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

१. किलोमीटर संपल्यावर नेमकं काय होतं? ओन डॅमेज पूर्ण थांबतं, की फक्त अपघाताचा भाग थांबून चोरी, आग आणि पूर चालू राहतात?

२. मध्येच जादा किलोमीटर विकत घेता येतात का? कोणत्या दरानं, आणि किलोमीटर संपण्यापूर्वीच घ्यावे लागतात का?

३. थोडं अंतर जास्त झालं तर सवलतीचे किलोमीटर आहेत का? असल्यास किती?

४. मोजणी कशी होते: काट्याच्या फोटोवरून, अ‍ॅपवरून की गाडीत बसवलेल्या यंत्रावरून? यंत्राचा खर्च कोणाचा? फोन बंद पडला किंवा यंत्र बिघडलं तर कोणतं रिडिंग ग्राह्य?

५. न वापरलेले किलोमीटर पुढच्या वर्षी मिळतात का, की वाया जातात?

६. सवलत एनसीबी वजा करण्याआधीच्या रकमेवर आहे की नंतरच्या? झिरो डेपसारख्या, म्हणजे घसारा वजा न करणाऱ्या, अ‍ॅड-ऑनवर ती लागू आहे का?

७. गाडी विकली किंवा कंपनी बदलली तर काय?

पॉलिसी सुरू होते त्या दिवशी तारीख आणि वेळ दिसेल असा काट्याचा फोटो काढून ठेवा. नंतर दर महिन्याच्या एक तारखेला एक फोटो. टप्प्याच्या तीन-चतुर्थांश किलोमीटर झाले की फोनवर स्मरणसूचना लावा. गाडी घरातले तिघं चालवत असतील तर तिघांनाही हा आकडा ठाऊक असू द्या.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका: काट्याशी खेळ. रिडिंग कमी करून देणारे भेटतात. विम्याचा करार पूर्ण सचोटीवर उभा असतो. खोटी माहिती उघड झाली तर संपूर्ण दावा जाऊ शकतो. सर्व्हिसिंगच्या जुन्या नोंदींवरून सर्व्हेअरला फेरफार कळायला वेळ लागत नाही.

माहिती कोणाच्या हातात?

काट्याच्या फोटोतून कंपनीला फक्त अंतर कळतं. अ‍ॅप किंवा यंत्र असेल, तर तुम्ही कुठे गेलात, किती वाजता गेलात, किती वेगानं गेलात, हेही कळू शकतं. 'पे हाउ यू ड्राइव्ह'मध्ये तर ब्रेक, वेग आणि वळण यांवरून गुण दिले जातात. आपल्या रस्त्यांवर अचानक आडव्या आलेल्या गाईसाठी करकचून ब्रेक लावणारा चालक दक्ष असतो, बेफाम नव्हे. गुण मोजणाऱ्या यंत्राला तो फरक कळेलच असं नाही. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला असून माहिती कशासाठी घेतली जाते, हे सांगून संमती घेण्यावर त्याचा भर आहे. म्हणून विचारा: कोणती माहिती घेता, किती काळ ठेवता, दाव्याच्या वेळी माझ्याविरुद्ध वापरता का? उत्तर मोघम असेल आणि फोटोवर चालणारा दुसरा पर्याय मिळत असेल, तर तो घ्या. अंतराचा हिशेब करायला अंतर पुरे असतं. पत्ता कशाला हवा?

दावा नाकारला तर

किलोमीटर संपल्याचं कारण देऊन दावा फेटाळला आणि तुम्हाला ते चुकीचं वाटलं, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. काट्याचे फोटो, सर्व्हिसिंगची बिलं आणि ईमेल जोडा. आयआरडीएआयच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुणे इथे त्यांची कार्यालयं आहेत, शुल्क लागत नाही, वकील लागत नाही. कंपनीनं नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार करायला हवी. महिन्याला एक फोटो काढण्याची सवय अशा वेळी सर्वांत भक्कम साक्षीदार ठरते.

काकांनी काय केलं?

आम्ही दोघांनी टेबलावर सर्व्हिसिंगची बिलं पसरली. तीन वर्षांतलं सर्वांत जास्त रनिंग ३,४०० निघालं. नातीच्या लग्नासाठी नागपूरला जायचं होतं, त्याचे दीड हजार मिळवले, वर हजार राखीव ठेवले. आकडा ५,९०० वर गेला. पाच हजारांचा टप्पा स्वस्त होता, पण काकांनी साडेसात हजारांचा घेतला. वाचले साडेआठशे रुपये. त्यांत त्यांनी इंजिन संरक्षण घेतलं, कारण आमचं पार्किंग तळघरात आहे. ओन डॅमेजपुरता न्याय त्यांना मिळाला. थर्ड पार्टीचे ३,४१६ रुपये मात्र ते आजही चाकणच्या तरुणाएवढेच भरतात, आणि तो भाग बदलणं त्यांच्या हातात नाही, सरकारच्या हातात आहे. थर्ड पार्टीच्या नव्या दरांचा मसुदा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय हरकती-सूचनांसाठी जाहीर करतं, तेव्हा रनिंगच्या टप्प्यांची मागणी आपण लेखी कळवली पाहिजे. आणि आपल्या हातात जे आहे, ते आजच करा: खाली पार्किंगमध्ये जा, किल्ली फिरवा आणि काट्यावरचा आकडा लिहून ठेवा.